एअर पिस्तूल, करंगळीला मुंग्या, कोपरात कळ : इंदूरात कुणाला दाखवावं?

नेमबाज_इंदूर : नमस्कार मंडळी. १० मीटर एअर पिस्तूल मारते, उजव्या हाताने. दिवाळीनंतर सराव वाढवला आणि करंगळी नि अनामिका बधीर व्हायला लागली. कोपराच्या आतल्या बाजूने कळ येते, रात्री मुंग्यांनी जाग येते. आई म्हणते महानारायण तेल चोळ. मेडिकलवाल्याने टेनिस एल्बोचा पट्टा दिला, तो बांधला की जास्तच होतं. हाडांच्या डॉक्टरकडे जाऊ की न्यूरोकडे? पिस्तुलात काही बदलावं का?

रामबागकर : आधी तो पट्टा काढ. टेनिस एल्बो बाहेरच्या बाजूने दुखतो आणि त्यात बोटं बधीर होत नाहीत. करंगळी-अनामिका म्हणजे अल्नर नस, कोपर आपटलं की झिणझिण्या आणते तीच. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असतं तर कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबणं, म्हटलं असतं.

ही नस दोन ठिकाणी दबते, कोपरात किंवा तळव्याच्या बुडाशी करंगळीकडे. हाताच्या पाठीवर, करंगळीच्या बाजूला बोट फिरवून बघ. तिथेही बधीर लागलं तर बहुधा कोपर. फक्त तळव्याकडून असेल तर माझा संशय ग्रिपच्या पाम शेल्फवर, म्हणजे तळव्याखाली टेकणाऱ्या सरकत्या फळीवर. काही पोरं ती इतकी वर आवळतात की पिस्तूल ठेवल्यावर तळव्यावर खाच दिसते.

भिया_५६ : मनगटाला सपोर्ट बांधून मारा ना. नाहीतर डाव्या हाताने! हंगेरीच्या नेमबाज टाकाचचा उजवा हात १९३८ मध्ये ग्रेनेडने गेला, डाव्याने १९४८ आणि १९५२ चं ऑलिंपिक सुवर्ण मारलं भियाने.

रामबागकर : स्पर्धेत पिस्तुलाच्या हातात मनगटपट्टा, घड्याळ, कडं काहीच चालत नाही. टाकाच आपल्या जागी, इथे पोरीची राज्य स्पर्धा असेल.

फिजिओताई : रात्री जाग येते कारण कोपर दुमडून झोपतेस; वाकलेल्या कोपरात नस ताणली जाते. जुना टॉवेल कोपराभोवती सैल गुंडाळून झोप, म्हणजे हात पूर्ण मिटणार नाही. फोन कानाशी धरून तासभर गप्पा बंद. तेल दंडाला खुशाल लाव, पण कोपराच्या आतल्या खोबणीत रगडायचं नाही, तिथे नस कातडीखालीच असते.

आधी ऑर्थो, शक्यतो हाताचा सर्जन. ते एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी सांगतील, त्यात नस कुठे दबली ते बहुतेक वेळा कळतं. साखर आणि बी १२ पण बघून घे, आपल्या शाकाहारी घरांत बी १२ कमी निघतं. महूला आर्मीचं मार्क्समनशिप (नेमबाजीचं) युनिट आहे खरं, पण तिथला फिजिओ आपल्याला थोडाच मिळणार! एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, जायचं तर सकाळी लवकर नंबर लाव.

अंगठा-तर्जनीच्या चिमटीतून कागद निसटायला लागला, किंवा त्या दोघांमधला मांसल भाग बसका दिसला, तर स्पर्धा बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखव.

नेमबाज_इंदूर : हाताच्या पाठीवरही बधीर आहे, म्हणजे कोपर. कागद धरता येतोय. ऑर्थोची वेळ घेते. तोवर सराव पूर्ण बंद करू का?

रामबागकर : दाखवेपर्यंत बंदच. नंतर परत येशील तेव्हा पिस्तुलावरची जादा वजनं काढ. १५०० ग्रॅम ही वरची मर्यादा आहे, तिथवर जायलाच हवं असं नाही. ट्रिगर ५०० ग्रॅमचा, त्यासाठी मूठ आवळायची गरज नसते. दर शॉटनंतर पिस्तूल टेबलावर टेकव. क्लबची पंपाची (लिव्हर मारून हवा भरायची) पिस्तूल असेल तर काही दिवस लिव्हर दुसऱ्या कुणाकडून मारून घे.

नेमबाज_इंदूर : पंपाचीच आहे, काका. धाकट्या भावाला कामाला लावते.