पुहोल्सला मॅनेजर न करून एंजल्सनी चूक केली का?

अनाहाइमकर

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या एंजल्स टीमच्या मैदानापासून वीस मिनिटांवर राहतो. या टीमने २०१४ नंतर प्लेऑफचं (सीझननंतरच्या बाद फेरीचं) तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा पोळलेला चाहता लिहितोय असं समजूनच वाचा.

२०२५चा सीझन ७२ विजय, ९० पराभव असा संपला आणि नवा मॅनेजर शोधायची वेळ आली. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, अल्बर्ट पुहोल्स. ७०३ होमरन, ३३८४ हिट्स, तीन वेळा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू). बोलणी झाली, फिसकटली, आणि ऑक्टोबरात कर्ट सुझुकीला खुर्चीत बसवलं. सुझुकी सोळा सीझन कॅचर (आपला विकेटकीपर) होता, माणूस भला आहे, पण तोवर मॅनेजर म्हणून एकही मॅच चालवलेली नव्हती. पुहोल्सने निदान डोमिनिकन हिवाळी लीगमध्ये एस्कोहिदोची टीम चालवली. जानेवारी २०२५मध्ये लीग जिंकली, त्यानंतर मेक्सिकोतल्या मेहिकालीत कॅरिबियन सीरिजही जिंकून आणली.

ज्यांना ती लीग म्हणजे सुट्टीतली गंमत वाटते त्यांच्यासाठी: सहा टीम, छोटा सीझन, चार मॅच हरलात की गाव अंगावर येतं. मॅनेजरला महिन्याभरात नारळ देतात. वर अमेरिकेतले क्लब आपल्या पिचरना (बॉलरना) किती टाकू द्यायचं यावर बंधनं घालतात, म्हणजे काल हाताशी असलेला माणूस आज नाही. तिथे जिंकणं हे काही नावाच्या जोरावर होत नाही.

"मोठा खेळाडू चांगला मॅनेजर होत नाही" हे वाक्य इथे समालोचक हात धुऊन मागे लागल्यासारखं दर इनिंगला म्हणतात. माझं म्हणणं असं की जे आपटले ते थेट खुर्चीत बसवले म्हणून आपटले. जो आधी खालच्या पातळीवर घासून आला, त्याला हे वाक्य लागू होत नाही.

(पुण्यातल्या क्रिकेटवाल्यांसाठी: बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे आपला कोच आणि कॅप्टन एकत्र. बॉलर कधी बदलायचा हे मैदानाबाहेर डगआउटमध्ये बसून तोच ठरवतो.)

खडूस कॅचर

चूक बिलकुल झाली नाही. कॅचरच हवा होता, कॅचर मिळाला.

तुम्ही होमरन मोजताय. मॅनेजरला होमरन मारायचे नसतात. वॉल्टर ऑल्स्टन मेजर लीगमध्ये एकदाच बॅटिंगला आला आणि स्ट्राइकआउट झाला. टोनी ला रुसाची आयुष्यभराची बॅटिंग सरासरी .१९९, म्हणजे शंभर वेळा बॅटिंगला येऊन वीस हिटही नाहीत. स्पार्की अँडरसन एकच सीझन खेळला, तोही .२१८ने. या तिघांनी मॅनेजर म्हणून जिंकलेल्या वर्ल्ड सीरिज (मेजर लीगची विजेतेपदं) मोजा आणि मग बोलू.

आता एक किस्सा सांगतो, माझ्या डोक्यातून जात नाही. २० जुलै २०१०, डॉजर्स विरुद्ध जायंट्स, लॉस एंजेलिस. नववी इनिंग, डॉजर्स ५-४ पुढे, बेसेस भरलेले. मॅनेजर जो टॉरेला अंपायरनी आधीच बाहेर काढलेलं, त्यामुळे सूत्रं डॉन मॅटिंग्लीकडे. मॅटिंग्ली म्हणजे यँकीजचा लाडका, १९८५चा एमव्हीपी. तो पिचरच्या टेकडीवर गेला, क्लोजर (मॅच संपवायला आणलेला पिचर) ब्रॉक्सटनशी बोलला, उतरून निघाला. तेवढ्यात फर्स्ट बेसमनने काहीतरी विचारलं, म्हणून हा वळला आणि परत टेकडीवर पाऊल ठेवलं. नियमाने त्या दोन भेटी झाल्या. एकाच इनिंगमध्ये दोन भेटी म्हणजे पिचर बदलावाच लागतो. मॅटिंग्लीच्या ध्यानातही आलं नाही. समोरच्या डगआउटमधून जायंट्सचा ब्रूस बोची लगेच बाहेर आला आणि अंपायरला बोट दाखवलं. ब्रॉक्सटन बाहेर, थंड हाताने शेरिल आत, टॉरेसचा डबल, दोन रन, मग आणखी एक. मॅच गेली, ७-५.

बोची कोण? राखीव कॅचर. खेळाडू म्हणून त्याचं नाव कोणाच्या घरच्या भिंतीवर नसेल. चार वर्ल्ड सीरिज जिंकलाय.

राखीव कॅचर वर्षानुवर्षं बाकावर बसून हेच बघतो. स्टार काय बघतो? आपला पुढचा टर्न कधी येतोय ते.

शिवाजी पार्क ते ब्रॉन्क्स

खडूसराव, किस्सा मस्त, पण अर्धाच सांगितलात. तोच मॅटिंग्ली २०२०मध्ये मायामीला प्लेऑफमध्ये घेऊन गेला आणि नॅशनल लीगचा (मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी एक, दुसरी अमेरिकन) मॅनेजर ऑफ द इयर झाला. एकदा पाय घसरला म्हणून माणूस आयुष्यभर लंगडा होत नाही.

आणि त्या रात्री अंपायरनी बाहेर काढलेला तो टॉरे? १९७१चा एमव्हीपी, त्या वर्षी सरासरी .३६३. स्टारच की. यँकीजने १९९५च्या शेवटी त्याला घेतलं तेव्हा न्यूयॉर्कच्या पेपरने 'क्लूलेस जो' असा मथळा दिला होता. चूक पेपरचीही नव्हती. मेट्स, ब्रेव्हज, कार्डिनल्स, तिन्हीकडून हाकललेला, ८९४ विजय आणि १००३ पराभव असा हिशेब. पुढे वर्ल्ड सीरिज १९९६, ९८, ९९, २०००. चार.

तेव्हा अनाहाइमकरांच्या म्हणण्यात मी थोडी भर घालतो. खालच्या लीगमध्ये जिंकून काही कळत नाही. मॅनेजरला हरायला वेळ मिळावा लागतो, आणि हरून परत कोणीतरी बोलवावं लागतं. टॉरेला चौथी संधी मिळाली ती बरीचशी त्याच्या जुन्या नावावर, हे मान्य करा. ला रुसासारख्या .१९९वाल्याला तीनदा नोकरी गेल्यावर कोणी दारात उभं केलं असतं का?

खडूस कॅचर

टॉरे स्टार होता तसा कॅचरही होता. शेकडो मॅच प्लेटमागे बसलाय. माझाच मुद्दा मांडल्याबद्दल आभार!

आणि आपल्याकडे बघा ना. आचरेकर सर प्रथम श्रेणीची एकच मॅच खेळले. चंदू पंडित पाच कसोटी खेळलेला विकेटकीपर, त्याने विदर्भाला लागोपाठ दोन रणजी आणि मध्य प्रदेशाला पहिली रणजी दिली. आणि सचिन? कॅप्टन म्हणून २५ कसोट्या, विजय चार.

शिवाजी पार्क ते ब्रॉन्क्स

सचिनला मध्ये आणायचं नाही. (हसतोय, पण खरंच नाही.)

जुनी स्कोअरशीट

मला इथे टेड विल्यम्सची आठवण येते आणि तुम्ही कोणी नाव कसं काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. १९४१ला .४०६ मारणारा, त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये आजवर कोणाला .४०० गाठता आलेलं नाही. १९६९ साली वॉशिंग्टन सेनेटर्सचा मॅनेजर झाला. याआधी कुठे काही चालवलेलं नाही, थेट खुर्चीत. आदल्या वर्षी टीम ६५ मॅच जिंकली होती, त्याच्या पहिल्या वर्षी ८६. अमेरिकन लीगचा मॅनेजर ऑफ द इयर! अनाहाइमकर, तुमचा 'थेट बसवले म्हणून आपटले' इथेच अडकतो.

पण थांबा, पुढचं ऐका. दुसऱ्या वर्षी ७० विजय, तिसऱ्या वर्षी ६३. मग टीम टेक्सासला हलली, तिथे ५४ विजय, १०० पराभव, आणि विल्यम्स घरी.

मी याचा अर्थ असा लावते. पहिल्या वर्षी पोरं भारावलेली असतात. प्रत्यक्ष टेड विल्यम्स बाजूला उभा राहून सांगतोय, हा बॉल सोडायचा, त्या बॉलची वाट बघायची. कोण ऐकणार नाही? दुसऱ्या वर्षी तोच माणूस तेच सांगतो आणि पोरांच्या लक्षात येतं की ह्याला जे दिसतं ते आपल्याला दिसतच नाही. त्यालाही कळत नाही की ह्यांना का दिसत नाही. तिथून कुरबूर सुरू. शिवाय १९६९लाच पिचरची टेकडी १५ इंचांवरून १० वर आणली होती आणि लीगमध्ये दोन नव्या टीम आल्या होत्या, म्हणजे त्या वर्षी सगळ्याच बॅटर्सचं जरा बरं चाललं होतं. हे श्रेय देताना कोणी वजा करत नाही.

नावावर एक सीझन निघतो. जास्त नाही.

अनाहाइमकर

ताई, विल्यम्सचं पटलं, पण ते माझ्याच बाजूने जातं असं मला वाटतं. फ्रँक रॉबिन्सन घ्या. ५८६ होमरन, दोन्ही लीगमध्ये एमव्हीपी झालेला तेव्हाचा एकमेव खेळाडू, आणि आजही मोठाच माणूस. मेजर लीगचा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर, १९७५, क्लीव्हलँड. खेळाडू-मॅनेजर होता, पहिल्याच दिवशी पहिल्याच बॅटिंगला होमरन मारला. ते सगळ्यांना आठवतं. त्याआधी तो खेळत असतानाच हिवाळ्यांमध्ये पोर्तो रिकोला जाऊन सांतुर्सेची टीम चालवत होता, हे कोणाला आठवत नाही. पुहोल्सचा रस्ता तोच आहे.

खडूस कॅचर

रॉबिन्सनबद्दल आदर पूर्ण. त्याने जे दार उघडलं त्याला कशाची तोड नाही. पण प्रश्न मॅनेजरचा आहे. १०६५ विजय, ११७६ पराभव, चार क्लब, आणि एकदाही प्लेऑफ नाही.

जुनी स्कोअरशीट

दिलेल्या टीम कसल्या होत्या तेही बघा की. १९८८ला बाल्टिमोर सुरुवातीच्या सहा मॅच हरल्यावर त्याच्या हातात दिली, आणि ती सलग २१ हरून थांबली. १०७ पराभव. पुढच्याच वर्षी त्याच क्लबने ८७ विजय मिळवले. नुसत्या बेरजेवर माणूस मापायचा असेल तर टॉरेलाही १९९५ला मापून बाजूला ठेवायला हवं होतं.

फिलीचा पाहुणा

अनाहाइमकरांचा सिद्धांत ऐकायला छान आहे, पण माझ्या गावात, फिलाडेल्फियात, तो मेला. राइन सँडबर्ग. (२०२५च्या जुलैत गेला बिचारा. फार सज्जन माणूस.) २००५ला हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि त्यानंतर २००७ला पिओरियाला मायनर लीगच्या खालच्या पायरीवर मॅनेजर झाला. हॉल ऑफ फेमवाला माणूस विशीतल्या पोरांबरोबर बसने फिरतोय! सहा वर्षं घासली. घासण्यात पुहोल्सच्या एका हिवाळ्याच्या कितीतरी पुढे.

फिलीजने २०१३ला वर आणला. १६ जून २०१५, बाल्टिमोर. आम्ही १९-३ हरलो. बुलपेनमध्ये (बदली पिचर हात गरम करतात तिथे) रिलीव्हरला, म्हणजे बदली पिचरला, तयार ठेवा सांगायला डगआउटमधून फोन करतात. त्या रात्री बुलपेनचा फोन नीट ठेवलेलाच नव्हता, लागेचना. आउटफिल्डर (लांबचा फील्डर) फ्रँकूरला पिचिंगला उभं केलेलं, त्याची दुसरी इनिंग लांबतच चाललेली, आणि चेस अटली आपल्याच पिचिंग कोचवर ओरडताना सगळ्या टीव्हीवर दिसला. दहा दिवसांनी सँडबर्गने स्वतःच राजीनामा दिला. ११९ विजय, १५९ पराभव.

टीम रद्दी होती, मान्य. पण तो ओरडा मला वेगळं काही सांगून गेला. बसप्रवासाने मायनर लीगची पोरं सांभाळता येतात. वर्ल्ड सीरिज जिंकलेल्या, वय होत आलेल्या, कोट्यवधी डॉलरवाल्या अटलीसारख्यांना सांभाळणं हे त्या बसमध्ये कुठे शिकवतात?

अनाहाइमकर

सँडबर्गला उत्तर नाही माझ्याकडे. विचार करतोय.

फक्त एवढंच, की तुम्ही म्हणताय ते अटलीसारखे सांभाळणं, तिथे पुहोल्स उलट बसतो. २०२१च्या मे महिन्यात याच एंजल्सनी त्याला मधेच काढून टाकलं, ४१व्या वर्षी. पुढे डॉजर्समध्ये बाकावर बसून खेळला. २०२२ला सेंट लुईसला परत येऊन २४ होमरन मारून निवृत्त झाला. मोठ्या खेळाडूला "तू आज खेळणार नाहीस" हे ऐकून घ्यायला कसं वाटतं ते त्याला सँडबर्गपेक्षा ताजं ठाऊक आहे.

आकडेमोडे

तुम्ही सगळे १९९६मध्ये अडकलाय. आज लाइनअप वरच्या मजल्यावरून, म्हणजे फ्रंट ऑफिसमधून (क्लबच्या व्यवस्थापनाकडून), ठरून येतं. पिचरला त्याच बॅटरसमोर तिसऱ्यांदा उभं करायचं की नाही हे मॅचच्या आधी कागदावर असतं. २०२५च्या सीझननंतर कोणाला घेतलं बघा. जायंट्सनी टेनेसी विद्यापीठाचा कोच टोनी विटेलो थेट कॉलेजातून उचलला. वॉशिंग्टनने ब्लेक ब्युटेराला घेतलं, वय ३३. पाद्रेजनी पुहोल्सशी बोलून शेवटी क्रेग स्टॅमन घेतला, एकेकाळचा रिलीव्हर. कोणीच स्टार नाही.

कारण साधं आहे. फ्रंट ऑफिसला असा माणूस हवा, ज्याला हंगामाच्या मध्यात काढलं तर स्टेडियमबाहेर कोणी मोर्चा आणणार नाही. पुहोल्सला काढून दाखवा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर यात वाईट काही नाही. निर्णय आकड्यांवर होणार असतील तर निमूट राबवणारा परवडला.

शिवाजी पार्क ते ब्रॉन्क्स

निमूट राबवणारा हवा तर शिपाई ठेवा, मॅनेजर कशाला? १६२ मॅच असतात. सलग आठ हरल्यावर क्लबहाउसमध्ये जाऊन त्या २६ जणांसमोर तोंड उघडायचं असतं. तिथे वरच्या मजल्यावरचा कागद वाचून दाखवणार?

आकडेमोडे

ते आठ हरणारच नाहीत, कागद नीट वाचला तर.

जुनी स्कोअरशीट

आकडेमोडे, सेनेटर्सकडेही कागद होता हो. तेव्हा त्याला बॅटिंग ऑर्डर म्हणायचे.

बाकी पुहोल्स मार्च २०२६मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकला (देशांच्या टीमची स्पर्धा) डोमिनिकनची टीम चालवणार आहे. सगळेच स्टार, हातात दोनच आठवडे, आणि प्रत्येक पिचरच्या क्लबने बांधून दिलेली मर्यादा. पहिल्या चार मॅचमध्ये बुलपेन कसा वापरतो ते लिहून ठेवणार आहे मी, इनिंगवार.

फिलीचा पाहुणा

लिहा. आणि फोन जागेवर ठेवलाय का तेही बघा.