इमेज ड्रायव्हरला आकार ठिपक्यांत द्यावा

२० रकाने व ४ ओळींच्या डिस्प्लेसाठी सेटिंग फाइलमध्ये ‘साइझ’पुढे २०x४ लिहिल्यावर एलसीडीफॉरलिनक्सच्या (संगणकाची माहिती छोट्या एलसीडी पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) इमेज ड्रायव्हरमधून, म्हणजे खऱ्या पडद्याऐवजी चित्राची फाइल बनवणाऱ्या भागातून, मजकूर का उमटत नाही, असे आपण विचारले आहे. या ड्रायव्हरला आकार अक्षरांत नव्हे, तर ठिपक्यांत द्यावा लागतो. ६x८ फॉन्ट, म्हणजे प्रत्येक अक्षर ६ ठिपके रुंद व ८ ठिपके उंच धरले, तर २०x४ ठिपक्यांत एक ओळसुद्धा मावत नाही, आणि आपल्याला हवा असलेला आकार (२० गुणिले ६ आणि ४ गुणिले ८) १२०x३२ असा येतो. ‘पिक्सेल’ या सेटिंगला ४+१ दिल्यास चित्रात प्रत्येक ठिपका ४x४ पिक्सेलचा होऊन दोन ठिपक्यांत १ पिक्सेलची फट राहते. खऱ्या एलसीडीचा भास मुख्यतः या फटीमुळेच होतो, म्हणून ती काढू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. चित्राच्या फाइलचे नाव मात्र प्रोग्रॅम सुरू करतानाच ‘-ओ’ या पर्यायाने द्यावे.