कायदा मोडला म्हणजे माणूस वाईट ठरतो का?

रानवाटा
आमच्या आजोबांच्या बांधावर बांबूचं बेट होतं, त्यांनीच लावलेलं. त्यातले पंचवीसेक बांबू बैलगाडीत घालून ते बाजाराला निघाले आणि नाक्यावर धरले गेले. वाहतुकीचा पास नव्हता. माल जप्त झाला, दंड वेगळा. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू 'झाड' होता. वनस्पतिशास्त्रात तो गवत. 2017 साली वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला. आजोबा त्याआधीच गेले. "तुमच्यावर केस झाली होती ना?" असं गावात कुणी म्हटलं की ते मान खाली घालायचे. त्यांनी कायदा मोडला, हे खरं. पण कुणाचं वाईट केलं? गुन्हा आणि पाप एकाच तागडीत तोलू नका, एवढंच माझं म्हणणं.

सनदशीर
आजोबांचं वाचून वाईट वाटलं, पण मत पटलं नाही. कोणता कायदा पाळायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं म्हटलं, तर दांडग्यांचंच फावेल. महाड आठवा. डिसेंबर 1927 मध्ये चवदार तळ्यावर पुन्हा सत्याग्रह करायला हजारो लोक जमले होते. विरोधकांनी तळं खासगी असल्याचा दावा लावून कोर्टातून मनाईहुकूम आणला. बाबासाहेबांनी तो पाळला. सत्याग्रह तहकूब केला, दावा लढवला आणि 1937 साली हायकोर्टात जिंकला. साधं पाणी नाकारलेल्या माणसांनी दहा वर्षं धीर धरला. मग आपण कोण लागून गेलो?

रानवाटा
महाडला कायदा त्यांच्या बाजूनं होता, हे सोडून कसं चालेल? सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा मुंबई विधिमंडळातला बोले ठराव 1923 चा, आणि नगरपालिकेनंही तळं खुलं केलं होतं. म्हणून कोर्टावर भिस्त ठेवता आली. कायदाच उलटा असला तर? 1908 साली टिळकांना राजद्रोहाच्या कलमाखाली सहा वर्षं झाली. जूरीनं रीतसर दोषी ठरवलं होतं. आज त्याच हायकोर्टात, त्याच दालनाबाहेर, त्यांनी शिक्षेच्या वेळी काढलेले उद्गार कोरून लावलेत. त्या काळच्या कायद्याला विचाराल तर टिळक गुन्हेगारच.

सोलापूरकर
तुम्ही दोघंही कायदा मोडणाऱ्यांबद्दल बोलताय. काहीही न मोडता गुन्हेगार ठरलेल्यांचं काय? 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. आमच्या सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. हजेरी द्यायची, बाहेर जायला परवानगी घ्यायची. त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. 1952 साली तो कायदा गेला, पण कुठं चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावरच धाड पडते. गुन्हेगार हा शब्द वापरण्याआधी, तो कुणी कुणाला चिकटवला हे विचारत जा.

सनदशीर
हे मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

पायवाट
माझा मात्र या धाग्यावर राग आहे. टिळकांचं नाव घेऊन उद्या कुणीही सिग्नल तोडेल. माझ्या बहिणीला उलट्या दिशेनं येणाऱ्या एका मोटरसायकलवाल्यानं उडवलं. दोन ऑपरेशनं झाली, अजून जिना चढताना ती कठडा धरते. तो म्हणाला, "वळसा लांब पडतो हो, सगळेच येतात इथून." त्याला दंड किरकोळच झाला, पण मी त्याला नीतिमान म्हणणार नाही.

रानवाटा
म्हणूही नका. त्याच्या दोन मिनिटांची किंमत तुमच्या बहिणीनं मोजली. आजोबांनी जे केलं त्याची किंमत त्यांनीच मोजली. टिळकांचंही तसंच, मंडालेला ते स्वतः गेले. मला फरक दिसतो तो इथं. कायद्याच्या पुस्तकात तो सापडत नाही.

सनदशीर
तरी दंड झाला यात मला चूक दिसत नाही. पास लागतो म्हटल्यावर लागतो. नियम चुकीचा असेल तर रीतसर बदलून घ्यायचा, आणि तसा तो बदललाही. आजोबांनी मान खाली घालायला नको होती, हे मात्र खरं.

रानवाटा
1927 ते 2017. त्या 'रीतसर'ला नव्वद वर्षं लागली.