पिको-८: लांबचा शत्रू आपोआप जागा होतोय

निळा_स्प्राइट: पिको-८वर (छोटे रेट्रो गेम बनवायचा, सॉफ्टवेअरमधला काल्पनिक कन्सोल) आडवा सरकणारा गेम आहे. खेळाडू ४० पिक्सेलच्या आत आला की शत्रूने जागं व्हायचं. अट अशी: डीएक्सचा (आडव्या अंतराचा) वर्ग अधिक डीवायचा (उभ्या अंतराचा) वर्ग १६००पेक्षा कमी. जवळ सगळं नीट चालतं, पण खेळाडू पार स्क्रीनबाहेर असताना शत्रू धावत सुटतो, आणि तेही कधीकधीच. वर्गमूळ काढून ४०शी तुलना केली तरी तेच. शिवाय मॅप खालच्या बाजूला वाढवल्यापासून काही स्प्राइटांचा (गेममधल्या छोट्या चित्रांचा) चिवडा झालाय. दोन्हीचा संबंध आहे का?

शून्य_ते_पंधरा: नाही, दोन वेगळ्या भानगडी आहेत. पहिली सांगतो. पिको-८चा आकडा ३२ बिटांचा: १६ पूर्णांकाला, १६ अपूर्णांकाला. म्हणजे ३२७६७ आणि वर जेमतेम अपूर्णांक, एवढीच मजल. १८१चा वर्ग ३२७६१, तो मावतो. १८२चा ३३१२४, तो उलटून ऋण होतो, आणि ऋण आकडा १६००पेक्षा कमीच असणार! २०० गुणिले २०० प्रिंट करून बघा, −२५५३६ येईल. डीवाय शून्य धरला तर १८२ ते २५९ पिक्सेलवर शत्रू जागा, २६० ते ३१३वर झोपलेला, ३१४ला परत जागा. 'कधीकधी' आलं ते इथून. वर्गमूळाचा उपयोग नाही, कारण ऋण आकड्याचं वर्गमूळ पिको-८ मुकाट्याने ० देतो.

गुणण्याआधी डीएक्स, डीवाय दोन्ही १६ने भागा आणि तुलना ६.२५शी करा (४० भागिले १६ म्हणजे २.५, त्याचा वर्ग). १०२४ पिक्सेलचा अख्खा मॅप भागून ६४ होतो, वर्ग ४०९६. आरामात मावतं.

टाइलवाला: किंवा आधी एबीएसने (ऋण चिन्ह काढून टाकणारं फंक्शन) दोन्ही अंतरं ४०च्या आत आहेत का ते बघा, मग 'अँड' लावून जुनीच अट. वाचायला हे सोपं.

आता दुसरी भानगड, स्प्राइटांची. मॅप १२८ × ६४ टाइलांचा (८ पिक्सेलच्या चौकोनांचा) दिसतो, पण खालच्या ३२ ओळी आणि १२८ ते २५५ क्रमांकाचे स्प्राइट एकाच मेमरीत राहतात. एक भरलं की दुसरं बिघडतं. मॅप वरच्या ३२ ओळींत आवरा, नाहीतर स्प्राइट पहिल्या दोन टॅबमध्ये हलवा. पुसलेली चित्रं आता मॅप खोडून परत येणार नाहीत. कन्सोलवर 'फोल्डर बॅकअप्स' टाइप करा, सेव्ह करताना बदललेल्या जुन्या प्रती तिथे सापडतील.

निळा_स्प्राइट: १६ने भागल्यावर थांबलं, बॅकअपही मिळाला. आता टोकन (कोडमधले मोजले जाणारे शब्द, आकडे, चिन्हं) ८१९२पैकी ८१७० वापरून झाले. कोडमधले सगळे 'लोकल' शब्द काढून टाकू का?

शून्य_ते_पंधरा: अजिबात नको. 'लोकल' आणि 'एंड' टोकनांत मोजलेच जात नाहीत. शत्रूंच्या जागा टेबलात एकेक आकडा लिहून ठेवल्या असतील तर तिथे हात घाला: सगळे आकडे स्वल्पविराम देऊन एका स्ट्रिंगमध्ये (अवतरणातल्या मजकुरात) भरा आणि स्प्लिट (स्ट्रिंग तोडून परत टेबल करणारं फंक्शन) वापरा. स्ट्रिंग कितीही लांब असली तरी एकच टोकन. फक्त कॉम्प्रेस केलेल्या कोडच्या १५,६१६ बाइटांच्या मर्यादेवर लक्ष ठेवा, 'इन्फो' कमांडने तो आकडा दिसतो.