अनुभव धागा : घरात पाळणा, टेबलावर कादंबरी

मी रत्नागिरीत टपाल खात्यात नोकरी करतो आणि गेली अकरा वर्षे कथा लिहितो आहे. आमची मुलगी आता चौदा महिन्यांची आहे. कोकणातल्या ज्या लिहित्या माणसांच्या घरी पहिला पाळणा हलला, त्यांना मी येथे आपला अनुभव सांगण्यासाठी बोलावले आहे. सल्ले मात्र नकोत. ‘पहाटे चारला उठावे’ असा सल्ला देणारा माणूस त्या वेळी त्याच्या घरचे बाळ कोणाच्या कुशीत असते, हे कधीच सांगत नाही. माझा प्रश्न एकच आहे : बाळ आल्यावर तुम्हांला लिहायला जो वेळ मिळाला, तो कोणाच्या वाट्यातून आला?

सुरुवात मीच करतो, आणि ती फारशी अभिमानाची नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेता येते. पत्नी बाळंतपणासाठी माहेरी, सावंतवाडीकडे गेली होती. तेथे सासूबाईंच्या देखरेखीखाली धुरी, शेक, अळिवाची खीर असे सगळे यथासांग चालले होते. मी शनिवारी संध्याकाळी जात असे आणि रविवारी रात्री परतत असे. रजा मी राखून ठेवली. त्या दोघी रत्नागिरीला आल्यावर खरी गरज लागेल, असे मी घरी सांगितले, आणि ते खोटे नव्हते. पण कादंबरीचे शेवटचे सहा अध्याय उरले आहेत आणि ते या १५ दिवसांत हातावेगळे होतील, हा जो हिशेब मी मनाशी केला होता, तो कोणाजवळच बोललो नाही.

रजा सुरू झाली तेव्हा श्रावण होता. कोकणातल्या श्रावणात लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत. दोऱ्या, खिडक्यांचे गज, दारांच्या कड्या सगळे भरले की खुर्च्यांवर पाळी येते. तिसऱ्या दिवशी पत्नीने माझ्या खुर्चीवर लंगोट पसरण्यासाठी तेथली फाईल उचलली. फाईलच्या पुठ्ठ्यावर मी पेन्सिलीने रजेच्या पंधरा तारखा एकाखाली एक लिहून त्यांच्यापुढे अध्यायांचे आकडे मांडले होते. तिने ते वाचले, फाईल कपाटावर ठेवली आणि लंगोट पसरायला घेतले. एक शब्दही बोलली नाही. त्या पंधरा दिवसांत माझी साडेचार पाने झाली.

दापोली तालुका, माध्यमिक शिक्षक

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा आमचा मुलगा अडीच महिन्यांचा होता. दुपारभर आम्ही चौघे माजघरात बसून होतो आणि बाहेर आगरातल्या पोफळी एकामागून एक कडाड मोडत होत्या. त्यानंतर आमच्या वाडीत महिनाभर वीज नव्हती. लॅपटॉप पहिल्याच रात्री मेला आणि त्यात अडकलेली कादंबरीही त्याच्याबरोबर गप्प झाली.

टाळेबंदीमुळे शाळा बंद होती, त्यामुळे दिवसभर मोडलेली झाडे तोडणे, कौले चाळणे, पाणी ओढणे हे काम होते. रात्री मुलाला झोळीत घालून हलवण्याचे काम मी मागून घेतले, कारण पत्नीला सलग तीन तास झोप मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी तिला उभे राहवत नव्हते. आमच्याकडच्या जुन्या पद्धतीने झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली की दोन्ही हात मोकळे राहतात. कंदील शेजारी ठेवून, शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या मागच्या बाजूवर मी पुन्हा हाताने लिहू लागलो. पाय थांबला की मुलगा कुरकुरत असे, आणि विचार फार लांबला की पाय थांबत असे. वाक्य मनात जुळेपर्यंत झोका आणि झोक्यासाठी वाक्य सोडून द्यायचे, असे चालले. पुढे ती कथा टंकलिखित करताना पाहिले, तर एकही परिच्छेद सहा ओळींच्या पलीकडे गेलेला नव्हता. संपादकांनी तुटक शैलीचे कौतुक कळवले. अंगठ्याला येणाऱ्या मुंग्यांविषयी मी त्यांना काही कळवले नाही.

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर तो वेळ माझ्या स्वतःच्या झोपेतून आला, असे मी आजवर समजत होतो. पण सकाळी मी नऊपर्यंत झोपत असे आणि त्या वेळात मुलाचे तेल-पाणी, चूल आणि भिजलेल्या अंथरुणांचे धुणे आई करत असे. तिचे वय तेव्हा सहासष्ट होते.

मालवण, मच्छीमार

१९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, त्यालाही आता शंभराहून अधिक वर्षे झाली. मराठी कथा लिहिणाऱ्याचे वर्ष अजून त्याच अंकांवर बेतलेले असते. पाऊस लागला की संपादकांचे फोन येतात आणि गणपतीच्या आसपास कथा हातात पडावी लागते. माझ्या धंद्याला हे फार सोयीचे होते. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीबंदी असते. होडी वर ओढून ठेवली आणि जाळी शिवून झाली की मी मोकळा होई. मालवणीतल्या माझ्या साऱ्या कथा या ६१ दिवसांतल्या आहेत.

मुलगी झाली तीही आषाढात. त्या वर्षी मी तिला खांद्यावर घेऊन पडवीत येरझाऱ्या घालत मोबाइलला तोंडी मजकूर सांगू लागलो. फोनला मराठी समजते, मालवणी समजत नाही. ‘खंय’ म्हटले की तो ‘काय’ लिहितो, आणि मी जेथे जेथे ‘चेडू’, म्हणजे मुलगी, म्हटले तेथे तेथे त्याने ‘चेंडू’ लिहिले, त्यामुळे पहिल्या खर्ड्यात नायिका पूर्णवेळ चेंडू होती. या पद्धतीने संवाद चांगले उतरतात, वर्णन मात्र उतरत नाही. समुद्र डोळ्यांसमोर असूनही त्याच्याविषयी तोंडाने बोलायला लाज वाटते. आता माझ्या कथांत वर्णन जवळजवळ उरलेले नाही आणि त्या बिघडल्या असे मला वाटत नाही.

एकदा मुलगी रडत असताना मी दोन वाक्ये पुरी करण्यासाठी थांबलो, तेव्हा आई आतून म्हणाली, “गजाली मगे लिव, आदी त्या चेडवाक घे.” फोन चालूच होता, त्याने तेही कथेत लिहिले.

चिपळूण

मी लिहिणे थांबवले आहे. जुळी मुले आहेत, दुकान आहे, वडील अंथरुणावर आहेत. वाईट वाटते का, असे लोक विचारतात. कधी कधी वाटते, पण रोज नाही.

गुहागरजवळ, लेखकाची पत्नी

बोलावणे लिहिणाऱ्यांना आहे, हे मला माहीत आहे; तरीही प्रश्न वाट्याचा असल्यामुळे मी लिहिते आहे. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते आणि दुधाचा हिशेब त्यावरच लिहिला जातो. मुलगा झाल्यावर डॉक्टरांनी पहिले काही आठवडे दूध पाजल्याच्या वेळा टिपून ठेवायला सांगितल्या होत्या, म्हणून मी रात्रीच्या वेळाही तारखेच्या चौकोनात निळ्या पेनाने लिहीत असे : १२.४०, २.१०, ३.५०, ५.३०. त्याच सुमारास माझ्या नवऱ्याने कादंबरीचा रोजचा हिशेब ठेवायला सुरुवात केली आणि तोही हाताशी म्हणून त्याच चौकोनांत, लाल पेनाने : ४०० शब्द, ६५० शब्द, २०० शब्द.

महिना संपल्यावर पान उलटताना मी सहज वाचू लागले. ज्या चौकोनात माझ्या निळ्या वेळा चार किंवा पाच होत्या, तेथे त्याचे लाल आकडे मोठे होते. तो वाईट माणूस नाही. बाळ रडले की त्यालाही जाग येत असे, मी पाजायला घेतले की त्याची झोप उडालेली असे आणि मग तो उठून लिहायला बसत असे. पाजणे त्याला शक्य नव्हते, हेही मान्य आहे. पण ढेकर काढणे, लंगोट बदलणे, पुन्हा निजवणे यांना तर आईच लागते असे नाही, आणि त्या चाळीस मिनिटांत तो चारशे शब्द लिहीत होता.

मी पान त्याच्यापुढे ठेवले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला की हे कादंबरीत घेता येईल. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. पुढच्या महिन्यापासून मात्र चौकोनांत तिसरा, हिरवा रंग आला. लंगोट बदलल्याच्या वेळा त्याने हिरव्या पेनाने लिहायच्या, असे ठरले. शब्द कमी झाले. कादंबरी दीड वर्ष उशिरा आली आणि समीक्षकांना ती संयमी वाटली.

मालगुंड, निवृत्त मुख्याध्यापक

माझा पाळणा १९७९ सालचा, तेव्हा मी येथे बसत नाही. पण वरचे लेखन वाचून राहवले नाही. आम्हा शिक्षक-लेखकांपुढे वि. स. खांडेकरांचे उदाहरण असे. १९२० ते १९३८ ते शिरोड्याच्या शाळेत होते. शाळा सांभाळून त्यांनी तेथे केवढे लेखन केले, हे आम्ही एकमेकांना सांगत असू. लिहिणाऱ्याचे घर कोण सांभाळते, हा प्रश्न आमच्या बैठकांत कधी निघाल्याचे मला आठवत नाही. माझी तीन पुस्तके आहेत. मुलाला मी पहिल्यांदा आंघोळ घातली ती पत्नी पडली आणि तिचा हात मोडला म्हणून. तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि पाणी किती ऊन घ्यायचे, हे त्यानेच मला सांगितले.

रत्नागिरी, पुन्हा मी

कालनिर्णयाचे पान वाचून मी घरात पत्नीला ते दाखवावे की नाही, यावर दोन दिवस घालवले आणि शेवटी दाखवले. तिला आश्चर्य वाटले नाही. कपाटावरची फाईल अजून तेथेच आहे, एवढे तिने सांगितले.

गेल्या रविवारी आम्ही बसून आठवडा वाटून घेतला. मुलगी पहाटे साडेचारच्या सुमारास उठते आणि तासभर तरी खेळते. मंगळवारी आणि शुक्रवारी पत्नी तिच्याजवळ बसेल आणि मी लिहीन. बाकीचे पाच दिवस मी उठेन आणि पत्नी उजाडेपर्यंत झोपेल. शनिवारची दुपार तिची एकटीची आहे, आणि त्या वेळात ती काय करते हे मी विचारायचे नाही, असे तिने घातलेले कलम आहे. या हिशेबाने उरलेले अध्याय पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी होत नाहीत, हे प्रकाशकांना कळवले. दिवाळी अंकाच्या संपादकांचाही फोन येऊन गेला, त्यांना यंदा जमणार नाही असे सांगितले.

आज मंगळवार होता आणि पाऊण पान झाले. एका पात्राला मी घाटात गाडीत बसवून ठेवले आहे आणि त्याला उतरवायचे राहिले आहे. पण उद्या बुधवार आहे, आणि बुधवारी मी उठायचे आहे.