फ्लाइंग टायगर फेडेक्सला विकली गेली, हे बरं झालं की वाईट?

देवगडकर:
आंब्याचा सीझन आला की आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून मालाच्या विमानाची गजाल निघते, म्हणून हे उदाहरण. 1945 मध्ये रॉबर्ट प्रेस्कॉट आणि युद्धावरून परतलेल्या वैमानिकांनी लष्कराची जुनी विमानं घेऊन अमेरिकेत फ्लाइंग टायगर ही मालवाहतूक कंपनी काढली. सुरुवातीच्या मालात द्राक्षं होती! पुढे बोइंग 747 आली, आशियात मार्ग मिळाले, 1980 मध्ये सीबोर्ड वर्ल्ड ही कंपनी घेतली. आणि 1989 मध्ये फेडेक्स या कुरिअर कंपनीने सुमारे 88 कोटी डॉलरला हिलाच गिळलं. विमानांवरचं नावसुद्धा पुसलं. खस्ता खाल्ल्या एकाने, फळं चाखली दुसऱ्याने.

खाडीकाठ:
गिळलं काय म्हणता? फेडेक्सची विमानं उडू लागली 1973 ला, टायगर तिच्यापेक्षा कितीतरी जुनी. पण टायगरचा धंदा विमानतळ ते विमानतळ. मंदी आली की भाडं कोसळणार. फेडेक्स पाकीट थेट दारात द्यायची. तिला हवे होते परदेशात उतरायचे हक्क, ते नव्याने मागायचे तर दोन सरकारांच्या वाटाघाटीत वर्षं जातात. टायगरकडे ते तयार होते. विकली म्हणून तिचं काहीतरी टिकलं, असं माझं मत.

देवगडकर:
आणि माणसं? दोन कंपन्यांच्या वैमानिकांची ज्येष्ठता यादी एक करताना किती कटकट झाली, ते सोयीस्कर विसरलात.

रापणवाला:
तुमी दोघव अमेरिकेत भांडतास. चिपीचा बोला. जाताना आंबे भरशात, येताना काय हाडशात? रिकाम्या इमानाचा भाडा कोण भरतलो? एअर डेक्कनवाल्या गोपीनाथांनी 2009 मध्ये नागपूर तळ धरून डेक्कन 360 ही मालाच्या इमानांची कंपनी काढली, 2011 मध्ये बंद. त्यांचो तर बाराय म्हयन्यांचो धंदो होतो. आपलो सीझन दोन-अडीच म्हयन्यांचो.

खाडीकाठ:
अगदी. शिवाय अमेरिकेला जाणारा आंबा विकिरणासाठी (कीड जावी म्हणून किरणांची प्रक्रिया) वाशीला किंवा लासलगावला न्यावाच लागतो. मग चिपीवरून उडवून काय साधलं?

देवगडकर:
दुबईला विकिरण लागत नाही. वाशी बाजाराची पट्टी (विक्रीचा हिशेब) हातात येते तेव्हा भाडं, हमाली, दलाली वजा जाऊन पेटीमागे काय उरतं ते बागायतदाराला विचारा. अख्खं विमान नको, गोव्याच्या मोपा विमानतळावरून प्रवासी विमानाच्या पोटात जागा मिळाली तरी चालेल.

रापणवाला:
ह्या आधी बोलाचा होता! मग टायगर कित्याक हाडलास मधी?