राग येतो, पण आधी आडनाव आणि पक्ष बघून?

चादरवाला
ऑगस्ट २०२४ आठवा. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, आणि त्याच महिन्यात बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं. माझ्याच ग्रुपवर कोलकात्यासाठी घसा कोरडा करणारे बदलापूरला "राजकारण करू नका" म्हणत होते आणि बदलापूरला रेल्वे अडवली ते बरोबर म्हणणारे कोलकात्यावर मूग गिळून बसले होते. कुठल्या राज्यात सरकार कुणाचं, ते बघून राग! १५ ऑगस्ट २०२२ ला बिल्किस बानो प्रकरणातले (२००२ च्या गुजरात दंगलीतला सामूहिक बलात्कार) ११ दोषी सुटले, त्यांना हार घातले. निर्भयाच्या वेळी फाशी मागणारे तेव्हा आपल्या सोलापुरात कलेक्टर कचेरीच्या पूनम गेटला का दिसले नाहीत?
पुरोगाम्यांचंही तेच. परका असला की "बाईवर विश्वास ठेवा", आणि संघटनेतलाच निघाला की "त्याचं कामही बघा, आपण आतल्या आत मिटवू".

शेंगाचटणी
ग्रुपमधल्या चार टाळक्यांवरून आंदोलनं मोजतोस होय रे? "तेव्हा कुठे होता" हे विचारलं की समोरची बाई गप्प बसते, एवढाच त्याचा उपयोग. कुस्तीपटू मुली लैंगिक छळाची तक्रार घेऊन जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, तर पहिला प्रश्न काय, इतकी वर्षं का नाही बोललात! गुन्हा नोंदला गेला एप्रिलमध्ये, तोही त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. आता त्यांनी आधी देशातल्या सगळ्या बायकांसाठी उपोषण केल्याचा दाखला आणायचा का?

चादरवाला
पीडितेला कोण विचारतंय? मी पुढाऱ्यांना विचारतोय. माईक त्यांच्या हातात असतो.

जुनी_मिल
मला वेगळीच भीती वाटते. आरोप झाला की माणूस संपतो, चौकशी राहते बाजूला.

शेंगाचटणी
काका, २०१८ मध्ये मी टू आलं तेव्हा बदनामीच्या खटल्यात आरोपी म्हणून उभी राहिली ती प्रिया रमाणी. केंद्रात मंत्री राहिलेल्या एम. जे. अकबर यांच्यावर आरोप केला म्हणून. २०२१ ला निर्दोष सुटली, पण मधली वर्षं तारखांना गेली की नाही?

जुनी_मिल
एका खटल्यावरून सगळं ठरत नाही, बाई. खोट्या तक्रारीवर कारवाई करायची तरतूद कायद्यातच आहे, ती काय उगाच घातली?

पूर्वभागातली
दिल्ली-कोलकाता झालं असेल तर जरा इकडे या. माझी आई विड्या वळते. पाला-तंबाखू घरी आणायचा, वळलेला माल कारखान्यात द्यायचा. तिथे माल तपासणारा छाट काढतो, म्हणजे खराब म्हणून विड्या बाद करतो. त्याच्याशी हसून बोलणारीची छाट कमी. जिने हात झटकला तिच्या चांगल्या विड्याही बाद, आणि पुढच्या वेळी पाला फाटका. मजुरी तेवढी कमी. याला पुरावा काय देणार? यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांना विचारा, त्याही हेच सांगतील. यांच्यासाठी चार हुतात्मा चौकात मेणबत्ती लागलेली मी तरी बघितली नाही. डावे नाहीत, उजवे नाहीत, कुणीच नाही.

वकिलीण
कायदा आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा, २०१३ चा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तिथे अंतर्गत समिती, त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत करायची, कारण पटलं तर आणखी तीन मिळतात. आणि दुटप्पीपणाच बघायचा असेल तर या कायद्याचं मूळ बघा. राजस्थानातली भंवरीदेवी, बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ ला बलात्काराच्या आरोपातून सगळे सुटले. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला, कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दलचा, आणि तो आधी वापरला कुणी? पगारपत्रक असलेल्या ऑफिसांनी.

चादरवाला
मग मी तेच म्हणतोय ना!

पूर्वभागातली
नाही हो दादा, तुम्ही कोण कुणासाठी ओरडलं ते मोजताय. आईचं नाव लिहून अर्ज दिला तर उद्या तिला पाला कोण देणार, ते सांगा आधी.

शेंगाचटणी
पाच-पन्नास जणींनी एका अर्जावर सह्या केल्या तर?

पूर्वभागातली
सह्या घ्यायला दारोदार कोण फिरणार? तुम्ही येता?